शेवंतीने कात टाकली, अख्खी

मंगळवारी पहाटे साडेपाचला टँकचा दिवा लावला तर शेवंती, माझी क्रेफिश (गोड्या पाण्यातली, नांग्यांची, झिंग्यासारखी), नळीबाहेर आडवी. पाय वर, मानेमागची शिवण उकललेली. पोटात धस्स झालं, कारण आधीचे तिघे मला असेच सापडले होते. काढायला हात घालणार, तेवढ्यात पीव्हीसीच्या नळीतून दोन मिशा हलल्या. बाहेर पडलं होतं ते नुसतं कवच! डोळ्यांवरच्या टोप्यांपासून शेपटीच्या पंख्यापर्यंत अख्खं, कुठे चीर नाही. आत शेवंती, भिजल्या कागदासारखी मऊ, आणि फेब्रुवारीत पार्टिशन सरकून झालेल्या मारामारीत जिथली नांगी गेली होती तिथे बोटाच्या पेराएवढी, पण पुरती घडलेली नवी नांगी. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचले.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना हिशेब माहीत आहे: तीन क्लार्की जातीचे क्रेफिश, तिघेही मोल्टमध्येच, म्हणजे कात टाकतानाच, गेले. पाठ मोकळी झालेली, नांग्या मात्र जुन्या कवचात अडकलेल्या. पहिल्याचं कारण सरळ होतं. आमच्या पुण्याच्या नळाचं पाणी मऊ, माझ्या किटवर जीएच (पाण्याचा कठीणपणा) ३, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९०. तेव्हा सगळ्यांनी कॅल्शियम सांगितलं आणि ते बरोबरच होतं. फिल्टरमध्ये कोरलचा चुरा घातला, काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणून तुकडे तळाशी सोडले. (पाळीव पक्ष्यांच्या दुकानात तोच समुद्रफेस कितीतरी महाग मिळतो. काष्ठौषधीवाल्याकडेच जा.) जीएच ९ झाला, टीडीएस २६०. आणि तरीही मार्चमध्ये दुसरा गेला. मग दुकानदाराने आयोडीनचे थेंब गळ्यात मारले, ते घालत असताना तिसरा गेला. ती बाटली आता कपाटात आहे आणि तिथेच राहील.

उत्तर माझ्याच वहीत होतं. ९ मार्च, रविवार, अर्धा टँक वॉटर चेंज. १० तारखेला दुसरा गेला. ३० मार्च, पुन्हा रविवार, पुन्हा अर्धा टँक. ३१ च्या रात्री तिसरा. मी दोन महिने जीएच किती आहे एवढंच बघत होते, तो किती झपाट्याने बदलतोय हे बघतच नव्हते. टँक २४×१२×१२ इंची, म्हणजे जेमतेम ५५ लिटर. त्यात २६० टीडीएसचं पाणी. अर्धं काढून ९० चं ओतलं की दहा मिनिटांत टँक १७५ वर. ज्याचं कवच सुटायच्या बेतात आहे त्याला हा धक्का बसला की अंग तयार नसताना मोल्ट सुरू होतो, असं आता माझं ठाम मत झालंय. शेवंती त्याच पाण्यात होती, पण तिचा मोल्ट जवळ नव्हता, म्हणून तिला काही झालं नाही.

दुसरा फटका नंतरचा. मोल्टच्या आधी क्रेफिश थोडं कॅल्शियम जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठवतो. कात टाकली की ते खडे जठरात विरघळतात, पण कवच घट्ट व्हायला लागणारं बरंचसं कॅल्शियम कल्ल्यांवाटे पाण्यातूनच येतं. म्हणजे नेमकी गरज असतानाच मी पाणी पातळ करत होते.

एप्रिलपासून आठवड्याला फक्त दहा टक्के. नळाचं पाणी थेट ओतलं तरी २६० चे २४३ होतात, पण तेवढंही नको म्हणून क्लोरीन काढून टाकलेल्या पाण्याच्या बादलीत समुद्रफेस टाकून रात्रभर हवेचा दगड चालू ठेवते आणि टीडीएस जुळला की मगच ओतते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कढत असतं, त्यामुळे बादली पहाटेच भरायची.

बाकी थोडक्यात. जुनं कवच काढलं नाही; तीन दिवसांत तिने नांग्यांसकट संपवलं. सोसायटीतल्या देशी बदामाची वाळकी पानं अजूनही तिचं सगळ्यात आवडतं खाणं, मग उकडलेला दुधी, मग पेलेट. माशांच्या औषधांबद्दल पुन्हा सांगते: लेबलवर कॉपर असेल तर ती बाटली या टँकच्या आसपासही नको. मागच्या महिन्यात एका दुकानात मला तीच ‘सगळ्यांना चालते’ म्हणून देत होते.

जूनमध्ये नर आणून जोडी लावायची असं मागे लिहिलं होतं. पण ते पुढे ढकलतेय. पिल्लं शंभरच्या वर निघू शकतात, आणि इतक्यांना घरं मिळाल्याशिवाय सुरुवात करणं बरोबर नाही. भारतीय उपखंडात क्रेफिश मुळात नाहीतच, आणि बाहेरून आलेल्या क्लार्कीने स्पेनपासून केनियातल्या नैवाशा तलावापर्यंत तिथल्या जीवसृष्टीचं काय नुकसान केलं ते आपण जाणतो. जास्तीचं एकही पिल्लू मुठा नदीत जाता कामा नये. मार्बल्ड जातीचा क्रेफिश देतो म्हणणाऱ्यालाही नाही सांगितलं. त्या जातीला तर पिल्लांसाठी नरही लागत नाही.

उरला प्रश्न पंख्याचा. पाणी २८ अंशांवर ठेवायला तो हवाच, पण त्याने रोज दीड लिटर उडतं. क्षार मागेच राहतात, म्हणून टॉप-अप आता आरओच्या पाण्याचा. तोही मी एकदम ओततेय, रोज संध्याकाळी. ऑटो टॉप-अपचं युनिट मागवायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: नवीन क्रेफिश पाण्याला सरावायला जो सलाईनचा सेट वापरतो, तोच कायमचा का नाही लावायचा? वर दोन लिटरची बाटली, माझा सेट २० थेंबांना एक मिलि सोडणारा. दीड लिटर चोवीस तासांत म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. नळी मात्र झाकणाच्या भोकातून घट्ट बसवायला हवी, नाहीतर शेवंती त्याच नळीवरून चढून बाहेर येईल. हवेच्या नळीवरून ती दोनदा आली आहे. आज रात्री रिकाम्या बादलीवर लावून थेंब मोजते.