वर्गात नेट लावायचं, पण कधी?

आमच्याकडे शाळेत इंटरनेट म्हणलं की टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर लावायचा, यूट्यूबवर धड्याचं नाव टाकायचं आणि जो पहिला व्हिडिओ येईल तो चालू करायचा, झालं. पोरं गप्प बसतात, तास निघतो, कुणी साहेब आले तर डिजिटल वर्गाचा फोटोपण मिळतो. दुसऱ्या दिवशी विचारा काय बघितलं, तर त्यातलं म्युझिक आठवतं फक्त.

मला वाटतं पोरांनी आधी काहीतरी अंदाज ठोकलेला पाहिजे, आणि तो बरोबर का चूक हे पुस्तकात बघून कळत नसेल, तेव्हाच नेट उघडावं.

आता भूगोलातलं रेखावृत्तांचं बघा. पूर्वेला 1 अंश सरकलं की सूर्य 4 मिनिटं आधी, हे सगळ्यांना पाठ असतं. डिसेंबरात मी वर्गात म्हणलं, मुंबई 72.9 अंशावर, नागपूर 79.1 वर, सांगा नागपूरला सूर्य किती आधी उगवेल. पोरांनी गणित केलं, 25 मिनिटं. वहीत लिहायला लावलं, खाली सही करायला लावली (सही केली की पोरं फार सिरियस होतात, करून बघा). मग मोबाईलवर दोन्ही शहरांची त्या दिवसाची सूर्योदयाची वेळ काढली तर फरक आला साधारण 21 मिनिटं. वर्गात नुसता गोंधळ. सर पुस्तक चुकलं, नाही सर मोबाईल चुकला. मग म्हणलं सूर्यास्तपण बघा की, तिथं फरक 29 च्या आसपास. एक पोरगी मागून म्हणाली सर दोन्हीचं मधलं 25 येतंय. आता इथनं पुढं शिकवायला मजा येते, कारण नागपूर मुंबईपेक्षा दोन अंश उत्तरेला आहे, त्यामुळं हिवाळ्यात तिथला दिवस सात-आठ मिनिटं लहान, तो सकाळी थोडा आणि संध्याकाळी थोडा कापला जातो, म्हणून 25 चे सकाळी 21 आणि संध्याकाळी 29 होतात. जूनमध्ये हेच उलटं होतं. अख्ख्या तासात नेट वापरलं असेल जेमतेम दोन मिनिटं, आणि तेही माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर, शाळेचं कनेक्शन त्या दिवशीपण बंदच होतं.

दुसरी गोष्ट गूगल अर्थची. मोबाईलवर नको, कॉम्प्युटरवरचं गूगल अर्थ प्रो घ्या, फुकट आहे. त्यात जुन्या तारखांची उपग्रह चित्रं बघता येतात. आपलं गाव लावायचं आणि मागं मागं जायचं. शिवारातली शेततळी मोजायला लावा, प्लॅस्टिकच्या कागदामुळं ती निळी चौकोनी लगेच दिसतात. मागेल त्याला शेततळे योजना 2016 ला आली, तर त्याच्या आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवा. पोरं घरी जाऊन आजोबांना विचारून येतात की ते तळं कुणाचं, पाणी कुठनं भरतात, बोअरचं की ओढ्याचं. हे उत्तर कुठल्याच साईटवर नाही, म्हणून तर विचारायचं. एका गटानं नदी आटत चाललीय असं लिहून आणलं. चित्राची तारीख बघितली का विचारलं, तर एक पावसाळ्यानंतरचं आणि एक मे महिन्यातलं! माहिती कधीची, कुणी टाकली, हे बघायची सवय अशी लागते, त्यावर वेगळं भाषण द्यायला लागत नाही.

विज्ञानवाल्यांसाठी फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, बरीचशी मराठीत पण आहेत आणि डाउनलोड करून नेट नसताना चालतात. सर्किटचं घ्या. एक बल्ब पेटलाय, त्याच्या शेजारी एकसरीत दुसरा जोडला तर पहिल्याचं काय होईल, हात वर करा, मग दाखवा. पण खरी बॅटरी आणि खरा बल्ब शाळेत असेल तर तो आधी, स्क्रीन नंतर. पाण्यात मीठ विरघळताना यूट्यूबवर कशाला दाखवायचं, बादली आहे की.

पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल लोक नाकं मुरडतात. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी आपल्या शाळेत ते सुरू केलं, नंतर बालभारतीच्या पुस्तकांत आलं, 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राईज मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. आता किती जण स्कॅन करतात माहीत नाही. मला तो गैरहजर पोरांसाठी बरा वाटतो, ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेलं पोर फोनवर धडा ऐकू तरी शकतं, रिचार्ज असेल तर.

आणि ते प्रकल्प! नेटकॅफेवाल्याकडनं रंगीत प्रिंट, सगळ्यांचे सेम, एकाच्यात तर खाली जाहिरातपण छापून आलेली. ओरडून उपयोग नाही, विषयच तसे देतो आपण. 'प्रदूषण' असा विषय दिला की प्रिंटच येणार. त्यापेक्षा आपल्या गावच्या ओढ्यात कुठल्या जागी कचरा पडतो ते नकाशावर खुणा करून आणा म्हणावं.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी जे दाखवायचंय ते आदल्या दिवशीच घरच्या वायफायवर उतरवून पेनड्राईव्हमध्ये ठेवा. वर्गात बफरिंगचं चक्र फिरायला लागलं की पोरं गेलीच हातातनं.