नाव बुरशीचं

सकाळपासून पाऊस. मसाला भाजायचा दिवस नव्हे, तरी दगडफूल निवडत बसले. दुकानाची पाटी काल लागली. कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड हवं म्हणून नवी करावी लागली, ते ठीक. पण खालची ‘घरगुती मसाले, सौ.’ वाली ओळ गेली. “जागाच उरली नाही की गं,” हे म्हणाले.

बरोबर आहे. जागा नसतेच.

महिनाभर धाकटीचं भिंग माझ्याकडेच आहे. इतकी वर्षं मसाल्यात घातलं ते फूल नव्हेच, हे जूनमध्ये कळलं. बुरशी आणि शैवाल, दोघांचा संसार. परसातल्या आंब्यावरचा तसलाच करडा पापुद्रा ओला करून नखानं खरवडला तर खाली हिरवं दिसलं. ते शैवाल. उन्हातून साखर करून दोघांचं पोट भरतं. बुरशी आसरा देते, ओल धरते. 1869 मध्ये श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसानं हे मांडलं, बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम म्हणून. जाणकार भडकले. गुलाम म्हटल्याबद्दल नव्हे, दोघं आहेत म्हटल्याबद्दल.

आणि नाव? पार्मोट्रेमा पर्लाटम. शास्त्राच्या नियमानं ते एकट्या बुरशीचं. रात्री हे वाचलं आणि झोप उडाली. रांधणारीचं नाव कुठंच नाही. एवढ्याशा ओळीसाठी रडू यावं? आलं. आईचं दुकान मोडलं तेव्हाही... जाऊ दे.

आज पुढचं पान वाचलं. शैवालाला वेगळं नाव आहे, ट्रेबूक्सिया. प्रयोगशाळेत ते एकटं वाढवता येतं. बुरशी एकटी वाढवली तर नुसता बेढब गोळा होतो, पापुद्र्याचा आकार काही धरत नाही. मला मे महिन्यातले ते आठ दिवस आठवले. मी खानापूरला होते आणि इथं ह्यांनी तिन्ही वेळा चिवडा खाल्ला होता. एकटीच हसले.

2016 मध्ये असल्या पापुद्र्यांच्या वरच्या सालीत तिसरंही कुणी सापडलं म्हणे, यीस्ट. वन्संना सांगणार नाही.

संध्याकाळी एक बाई आली. पाटीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. “कल्लुहूवु ऐतेन्री?” दगडफूल आहे का, म्हणून.

“ऐत्रि, ऐत्रि,” हे म्हणाले. मग जरा वेळ शांतता. मग आत हाक: “अगं, 50 ग्रॅमचे किती सांगू?”

मी भिंग खाली ठेवलं नाही. जरा थांबूनच उत्तर दिलं.