सायबर्ट्रॉनचं गाणं
रविवार, रात्री उशिरा

आज पुन्हा ‘ऑटो-बॉप’ पाहिला. ट्रान्सफॉर्मर्सच्या, म्हणजे सायबर्ट्रॉन ग्रहावरून आलेल्या, रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या जुन्या कार्टून मालिकेतला १९८५चा भाग. न्यूयॉर्कमधल्या डान्सिट्रॉन नावाच्या डिस्कोत साउंडवेव्ह संगीत वाजवतो, नाचणारी माणसं संमोहित होतात आणि डिसेप्टिकॉन्सच्या, म्हणजे त्याच्या खलनायकी टोळीच्या, कामाला जुंपली जातात. त्याच्यासमोर उभा राहतो ब्लास्टर, भल्या बाजूचा, म्हणजे ऑटोबॉट्सपैकी. दोघंही कॅसेटवाले, कॅसेट प्लेअरचं रूप घेणारे. एकाला आवाज हवा हेरगिरीला आणि हुकमत गाजवायला. दुसऱ्याला रॉक अँड रोल मनापासून आवडतं, बस्स. या फरकापायी ही मालिका मला इतकी जवळची आहे. जॅझ नावाचा आणखी एक ऑटोबॉटही पृथ्वीवरच्या गाण्यांवर भाळलेला. त्याचा आवाज स्कॅटमन क्रॉथर्स यांचा, आणि ते स्वतः गायक-वादक. म्हणून तर त्याचं साधं बोलणंही लयीत येतं.

पण सायबर्ट्रॉनचं स्वतःचं गाणं कुठे आहे? मी पाहिलंय तेवढ्यात तरी त्यांच्याकडचं बहुतेक संगीत आपल्याकडूनच गेलेलं. २०१८च्या ‘बंबलबी’ चित्रपटात शत्रू बंबलबी या ऑटोबॉटची वाणीच उपटून काढतो. पुढे तो रेडिओची स्टेशनं फिरवत, गाण्यांचे तुकडे जोडत बोलायला शिकतो. मला त्यात केविलवाणं काही दिसत नाही. माझी आजी कठीण प्रसंगी स्वतःचं काही न बोलता तुकोबांची ओळ म्हणायची, आणि तिला काय म्हणायचंय ते घरात सगळ्यांना कळायचं.

तरी त्यांचं स्वतःचं गाणं कसं असेल, हा विचार जात नाही. आपलं सगळं गाणं श्वासावर उभं आहे. कुठे थांबायचं, तान केवढी घ्यायची, समेवर कसं यायचं, हे छातीतली हवा ठरवते. केसरबाई केरकरांचा दमसास ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तो संपणार हे आपल्याला माहीत असतं. ज्यांना श्वासच नाही त्यांनी कुठे थांबायचं? ऑटोबॉट्स ४० लाख वर्षं ज्वालामुखीत निपचित पडून होते. एवढ्या आयुष्याचा विलंबित केवढा असेल! एक आवर्तन पुरं व्हायला आपल्या पिढ्या जातील.

केसरबाईंची आठवण उगाच नाही आली. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. त्यांतलं नंतरचं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ तारखेला बाई गेल्या. गोव्यातल्या केरीचा तो स्वर एक यंत्र अजून वाहून नेतंय. तो खरंच एखाद्या यंत्रजातीच्या हाती लागला, तर बाईंनी मध्येच श्वास का घेतला हे त्यांना समजेल का? ब्लास्टरला समजेल, असं मला ठामपणे वाटतं.

आणि एक गोष्ट कुणीतरी लिहायलाच हवी. या दोन टोळ्यांच्या युद्धाआधी सायबर्ट्रॉनवर कुणी गात असेल, तर ते कुणी जपलं असेल? ऐकलेलं साठवून ठेवणं हे तर साउंडवेव्हचं काम. म्हणजे त्या सगळ्या बैठका त्याच्याचकडे, शत्रूकडे, कुठल्या तरी कॅसेटवर असणार. ती मागायला ब्लास्टरला त्याच्या दारात जावं लागेल, हत्यार बाहेर ठेवून. साउंडवेव्ह देईल का? मला वाटतं, आधी तो ती स्वतः एकदा लावून ऐकेल.