तुम्ही विचारलंत म्हणून: फाटकाचं काय झालं

"म्याडम, आता फाटक काहून लावत नाही तुम्ही?" माजी विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात, निवृत्त झालेले आमचे गणिताचे सर दर दिवाळीला फोन करून विचारतात. विचारण्यामागे एकच समजूत असते, की बाई ढिल्या पडल्या. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात तर कार्डशीट वाटून 'माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान व नेतृत्व' यावर दहा ओळी मागितल्या. शेजारचे सर मोबाइलवरून उतरवत होते. मी कोरं कार्डशीट परत दिलं. त्या दहा ओळींऐवजी हे.

ढिली मी पडलेले नाही, हे आधी. २०११ साली खुर्चीवर बसले तेव्हापासून बरोबर १०.४५ ला फाटकाला कुलूप. एका मिनिटानं आलेला सरपंचांचा नातूसुद्धा बाहेर. मी स्वतः घड्याळ बघत उभी राहायचे. त्याचा उपयोग झाला. शिक्षकांच्या बस चुकायच्या बंद झाल्या, परिपाठाला मैदान भरू लागलं, दहावीचा निकाल वर गेला. बाई खमकी आहे, असं लोक म्हणायचे. ऐकायला आवडायचं. अजूनही आवडतं.

नोव्हेंबर २०१३. दिवाळीच्या सुट्ट्या संपलेल्या, पण कापसाची वेचणी ऐन भरात, म्हणजे वर्गांत निम्मी बाकं रिकामी. त्या दिवशी अकराला पाचेक मिनिटं कमी असतील. दहावीतली एक मुलगी गजांपलीकडे उभी. तीन किलोमीटरवरच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, पायी यायची. त्या दिवसांत आधी आईसोबत वेचायला, मग शाळेत. ओढणीला कापसाचे तंतू, केसांत वाळल्या पानांचा चुरा.

"काहून उशीर?"

"काटा झाला नव्हता, म्याडम."

मजुरी किलोवर. वजन आपल्यासमोर झाल्याशिवाय निघालं, तर आपला कापूस कोणाच्या नावावर चढेल सांगता येत नाही. मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, मी कापूसवाल्याचीच लेक. समजूनही मी म्हटलं, "उद्या वेळेवर येजो."

ती रडली नाही, घरीही गेली नाही. बाहेरच्या कडुनिंबाखाली बसून राहिली. जरा वेळानं तिनं मैत्रिणीला हाक मारून भूमितीची वही गजांतून आत दिली. त्या आठवड्यात दहावीच्या वह्या माझ्याकडे यायच्या. वही उघडली तर पानांच्या कडांवर बारीक तपकिरी ठिपके. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेनं बोटं चिरतात. एक ठिपका नेमका त्रिकोणाच्या शिरोबिंदूवर पडलेला. मागच्या पानावर आमच्या सरांचा लाल शेरा होता, 'वही स्वच्छ ठेवा', आणि त्याखाली माझी सही.

साडेअकराला मोटारसायकल आली. आमच्या संस्थेचे एक सदस्य. शिपाईकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, कुलूप निघालं. ती मुलगी उठून बाजूला झाली, त्यांना वाट द्यायला. तिनं त्यांना नमस्कारही केला, कारण शेत त्यांचंच होतं आणि सकाळी उशिरा झालेला काटाही त्यांचाच. फाटक सताड उघडं होतं तेवढ्यात ती आत येऊ शकली असती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आली नाही. मी आत जाऊन चहा सांगितला.

पुढचे दोन दिवस ती वेळेवर आली. मग आलीच नाही. पोडावर मी एकदा गेले. घराला कडी होती. दुसऱ्यांदा गेले नाही. तिचे वडील शाळेत आले तेव्हा ७५ टक्के हजेरीच्या नियमावर बोट ठेवून त्यांना तो वाचून दाखवला. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हेही सांगितलं. फॉर्म न्यायला कोणी आलं नाही.

तर मग मी फाटक उघडलं, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. पुढची दोन-अडीच वर्षं कुलूप रोज लागत होतं. २०१६ च्या पावसाळ्यात ते गंजून बसलं, नव्यासाठी काकांनी पैसे मागितले, मी म्हटलं राहू द्या. नेतृत्व म्हणतात ते एवढंच झालं.

आता वेचणीच्या दिवसांत पहिले दोन तास चित्रकला, वाचन, खेळ. गणित आणि इंग्रजी मधल्या सुट्टीनंतर. उशिरा आलेल्याची दुपारची हजेरी लागते. याला तत्त्वज्ञान म्हणायचं तर म्हणा. प्रशिक्षणात गांधीजींच्या नई तालीमवर एक तास होता. १९३७ ची वर्ध्याची परिषद, टकळी, हातानं काम करत शिकणं. आमच्याच कापसाच्या मुलखात ही कल्पना आकाराला आली, ऐकायला छान वाटतं. पण टकळीवर सूत काढणारं लेकरू वेगळं आणि किलोवर वेचणारं वेगळं. त्याच्या श्रमाचा मान राखायला म्हणून मी काही फाटक उघडं ठेवलेलं नाही.

२०११ ची मी कधीकधी समोर येऊन उभी राहते. म्हणते, तुझ्या उघड्या फाटकाचा फायदा कोणाला? शाळेत अकरापर्यंत चालतं हे कळल्यावर मालक लोक पोट्ट्यांना अकरापर्यंत ठेवून घेतात. पूर्वी कुलपाच्या धाकानं दहाला सोडायचे. हे खरं आहे. एक मालक मला तोंडावर म्हणाले, "तुमची लय मदत झाली, म्याडम." त्या रात्री मला झोप नव्हती. माझ्या दोन शिक्षकांनीही फाटकाचा अर्थ आपापल्या सोयीनं लावला. पोरं उशिरा आलेली चालतात, मग आम्हीच का वेळेवर, असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. मी नोटीस काढली. त्यांचं म्हणणं मात्र मला अजून खोडता आलेलं नाही.

गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी ती भेटली. कडेवर एक, बोटाला एक. मीच थांबले. माफी मागावी असं मनात होतं, पण मिरच्यांच्या ढिगाशेजारी ते जमेना. तिनंच विचारलं, "म्याडम, फाटक आता उघडंच रायते म्हणते?"

"हो."

तिनं बोटाला धरलेल्या मुलीकडे पाहिलं. "हे तुमच्या शाळेत येईन तवा लावजा, म्याडम. लय आळशी हाय."

मी हसले. ती हसली नाही. मिरच्यावाल्याशी भाव करायला वळली.

नवं कुलूप मी आणून ठेवलं आहे. टेबलाच्या खालच्या खणात आहे, किल्लीसकट. काल अकरा वाजून दहा मिनिटांनी नववीची दोन पोरं आत आली, मी खिडकीतून पाहिलं आणि घड्याळाकडेही पाहिलं.