हायड्रेंजियावरचा चिकटा

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी हायड्रेंजियाची पानं पुसायला घेतली, तर फडकं पानाला चिकटलं. बोट लावून पाहिलं. गुळाचा पाक ओट्यावर सांडून वाळला की लागतो ना, अगदी तसं. खालच्या फरशीवरही बारीक चकचकीत ठिपके होते, पाऊल उचललं की चट्‌चट वाजत होतं.

ही कुंडी माझ्या फार जिवाची आहे. तीन वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून आणली. तिथल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत तिची फुलं निळी होती. आमच्या परभणीच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर दुसऱ्याच वर्षी ती गुलाबी झाली. त्याचं वाईट वाटलं नाही. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो तिथं हे झाड तगलं, हेच मला खूप. पूर्वेकडच्या ओसरीत, दुपारचं ऊन लागू न देता जपलंय.

एक पान तोडून शेतीऔषधांच्या दुकानात नेलं. दुकानदारानं ते उलटून न बघताच बुरशी म्हणून सांगितलं आणि बुरशीनाशकाची पुडी दिली. दोनदा फवारलं. चिकटपणा तसाच राहिला आणि वर काळी काजळी धरायला लागली. दहा दिवस फुकट गेले, त्याची मला अजून चुटपुट लागते.

मग गावाहून सासूबाई आल्या. त्यांचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं. त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “आगं, हा तर चिकटा. जवारीवर पडतो तसा. चिकट पान काय पुसायलीस? त्याच्या वरचं पान उलटून बघ.”

वरचं पान उलटलं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना मोहरीहून लहान, हिरवट पिवळे किडे दाटीवाटीनं बसलेले. सोंड पानात रुतवून जागचे हलत नव्हते. मावा! त्यांच्यामध्ये पांढरा चुरा होता. तसाच चुरा खालच्या पानांवर पडलेला मी आठवडाभर राख समजून पुसत होते. ती माव्यानं टाकलेली कात होती.

मावा झाडाचा रस पितो. रसात साखर भरपूर, पण त्याला वाढायला लागतं ते नत्र थोडंच. म्हणून तो गरजेपेक्षा जास्त पितो आणि उरलेली साखर मागून थेंबाथेंबानं टाकतो. ती पडते खालच्या पानावर. म्हणजे चिकट पान दुखणाईत नसतं, दुखणं त्याच्या डोक्यावर बसलेलं असतं. काजळीची बुरशीही त्या साखरेवरच वाढते, पानात शिरत नाही. ओल्या फडक्यानं चोळली की निघते. आणि कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर समजा, वर मावा किंवा त्याची भावंडं आहेत. कापसासारखा पुंजका असेल तर पिठ्या ढेकूण, नखानं खरवडल्यावर खपली निघून आली तर खवले कीड, झाड हलवताच पांढरं काही उडालं तर पांढरी माशी. सकाळी पानाच्या कडेला नुसते पाण्याचे थेंब असतील आणि बोटाला चिकटत नसतील, तर काळजी नको.

उपाय पाण्यापासून सुरू केला. कुंडी आडवी धरून पानांच्या पाठीवर पाइपची जोरदार धार मारली. एक दिवसाआड तीन वेळा. निम्म्याहून जास्त मावा त्यातच गेला. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण. तेल आधी साबणात घोटून घ्यायचं, नाहीतर ते नुसतं वर तरंगतं. पहिली फवारणी मी सकाळी अकराला केली, तर उन्हानं चार पानांच्या कडा करपल्या. तेल संध्याकाळीच मारा, आधी दोन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहा. आमच्याकडच्या उबेत माव्याचं पिल्लू आठवड्याभरातच पिल्लं घालायला लागतं, त्यासाठी नराचीही गरज नसते. म्हणून सहा सहा दिवसांनी तीनदा फवारलं.

मुंग्यांसाठी सासूबाईंनी दुधाच्या पातेल्याची युक्ती केली. परातीत पाणी, मधे वीट, विटेवर कुंडी. पाणी रोज बदलायचं, डास होऊ नयेत म्हणून. मुंग्या गोड थेंबांसाठी माव्याची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना (ते ठिपक्यांचे गोल भुंगे) जवळ येऊ देत नाहीत. जानेवारीपासून मी चिमूटभर युरिया घालत होते, तोही बंद केला. युरियानं कोंब लुसलुशीत होतात आणि माव्याला तेच हवं असतं. आता फक्त गांडूळखत.

विषारी औषध आणायचं मी ठरवूनच टाळलं. शेजारी तुळस आहे, तिच्या मंजिऱ्यांवर दिवसभर मधमाश्या असतात.

मार्चच्या शेवटी चौथ्या फवारणीसाठी पंप भरला होता. सवयीनं वरचं पान उलटलं. उरलेल्या पाच-सहा माव्यांच्या मागे एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी चालली होती. ढालकिड्याची. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “आता राहू दे औषध.” पंप तसाच रिकामा केला.