नवाकोरा खिळा

रविवारी गोठ्यातलं शेण भरताना आण्णांच्या तळपायात खिळा घुसला. मी म्हटलो, चला, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ. (कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

"कशाला? गंज कुठं हाय त्याला? नवाकोरा खिळा हाय."

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो आणि घरात ही गत! गंजाचा दोष नाहीच. क्लॉस्ट्रिडियम टेटनी हा जंतू मातीत, शेणात बीजाणू होऊन पडलेला असतो. खोल जखमेत हवा पोचत नाही, तिथं तो जागा होतो आणि विष करतो.

मग उसाच्या बांधावर बसून आण्णांची शिकवणी घेतली. हे विष स्नायूतल्या चेतातंतूच्या टोकात शिरतं आणि तंतूच्या आतून उलटं वर चढत मज्जारज्जूत जातं. तिथं ते शेजारच्या पेशीत घुसतं, स्नायूंना आवर घालणाऱ्या. या पेशी ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं इवल्या पिशव्यांत भरून ठेवतात. पिशवी पेशीच्या कडेला चिकटून फुटली की रसायन बाहेर पडतं, स्नायू सैल होतो. चिकटायला सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन लागतं. विष नेमकं तेच कापतं. पिशव्या भरलेल्या, पण फुटत नाहीत.

"म्हंजे कासराच तुटला म्हण की."

मला इतक्या वर्षांत वर्गात हे सुचलं नव्हतं. कासरा तुटला, बैल उधळले. जबड्याकडचे तंतू आखूड, म्हणून बहुधा आधी दातखीळ बसते. मग पाठ धनुष्यासारखी वाकते.

लेकीनं मध्येच विचारलं, बोटॉक्स पण असंच ना? जवळचंच. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम विषच. त्या विषाचा 'टाइप बी' हा प्रकार तर तेच प्रथिन त्याच जागी कापतो. पण तो स्नायूपाशीच काम करतो, तिथं 'आवळ' हा निरोपच अडवतो. म्हणून स्नायू लुळे पडतात.

आण्णा तरी हलेनात. शेवटी सांगितलं, बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी 1890 मध्ये या विषावरचा उतारा दाखवला, पण पेशीत शिरलेल्या विषाला तो उताराही गाठू शकत नाही. तेव्हा कुठं टोपी घातली.

आता पायापेक्षा दंड जास्त दुखतोय म्हणे. खिळा फेकलेला नाही. सरळ करून गोठ्याच्या मेढीला ठोकलाय, दावं अडकवायला.