कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट

आज एक कादंबरी वाचून संपवली आणि लगेच तिच्यावर आधारित चित्रपटही पाहिला. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असल्याने जाडजूड कादंबरी दोन तासांत बसवताना काही पात्रे गाळावी लागतात, हे मला मान्य आहे. शिवाय नायिकेचे लांबलचक स्वगत त्या अभिनेत्रीने एकाच निःशब्द क्लोजअपमध्ये असे उतरवले आहे, की पुस्तकातली ती पाने मला चक्क पाल्हाळ वाटू लागली. (माझ्या वाचक मित्रांना हे अजिबात रुचणार नाही.) गाळलेल्या धाकट्या भावाची चुटपुट मात्र लागून राहिली आहे. त्याच्यासाठी आठ-दहा भागांची मालिकाच हवी होती, कारण दुय्यम पात्रांना फुलायला लागणारी उसंत चित्रपटापेक्षा मालिकेत अधिक मिळते.